कापड दुकानातील अदब : बाई गिऱ्हाइकाशी वागावे कसे?



मागच्या लगीनसराईत जुम्म्याची नमाज आटोपून मशिदीच्या पायरीवर चपला घालत असताना एका तरुणाने आम्हाला गाठले. त्याने नुकतेच साड्या व ड्रेस मटेरियलचे दुकान टाकले आहे. तो म्हणाला, "चाचा, खुतब्यात मौलवीसाहेब सांगतात नजर खाली ठेवा. माझ्याकडे तर सकाळपासून रात्रीपर्यंत बायकाच येतात. मान खाली घालून साडी कशी दाखवायची? मग हा धंदाच सोडू का?"

पोरगा थट्टा करत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. आम्ही त्याला तिथल्या तिथे दोन शब्द सांगितले, पण नंतर लक्षात आले की हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. कापड, बांगडी, चप्पल, शिलाई, सराफी, किराणा या सर्व धंद्यांत आपल्या समाजाची माणसे आहेत आणि या सर्व धंद्यांत गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक बाईच. पुरुष वर्षातून दोनदा कपडा घेतो. खण, साडी, परकर, पडद्याचे कापड, पोरांचे गणवेश हे सगळे घरची बाई घेते. तिच्याशी बोलल्याशिवाय आपला गल्ला भरत नाही, हे सत्य आहे.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही दुकानाच्या गादीवर गिऱ्हाइकांकडून शिकलो, आणि त्यातही बायकांकडून जास्त. देगलूर हे तीन राज्यांच्या शिवेवरचे गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आमच्या देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले आंध्रात गेली, आज ती तेलंगणात आहेत. पण लेकीबाळींच्या सोयरिकी आणि बस्त्याची खरेदी काही सरहद्दीला विचारून होत नाही. आमच्या दुकानात मराठी बोलणारी येते, तेलुगू बोलणारी येते, औरादकडची कानडी येते, दखनी बोलणारी बुरखेवाली येते आणि डोक्यावर पदर घेतलेली नऊवारीतली म्हातारीही येते. तेव्हा आम्ही लिहितो ते फक्त आपल्या समाजातील बायकांविषयी नाही. शरीअतमध्ये ना-महरम म्हणजे ना-महरम, तिचा धर्म कोणता हा प्रश्नच येत नाही. ही गोष्ट आपल्यापैकी काहीजण सोयीस्करपणे विसरतात. आपल्या बायकांसमोर मौलवी आणि दुसऱ्यांच्या बायकांसमोर दिलफेक, असे दोन चेहरे बाजारात पाहायला मिळतात.

या विषयावर आपल्यात दोन टोके आहेत. एक म्हणते, बाईने बाजारात यावेच का? दुसरे म्हणते, धंद्यात सगळे चालते, गिऱ्हाईक हसले म्हणजे माल खपला. दोन्ही टोकांना आम्ही ओळखतो. पहिल्या टोकाचा माणूस स्वतःच्या दुकानात मात्र त्याच बायकांना माल विकतो, ही त्यातली मौज.

आता कुरआन काय सांगतो ते पाहू. सूरह नूरची तिसावी आणि एकतिसावी आयत सर्वांना ठाऊक आहे. परंतु क्रम पाहा. नजर खाली ठेवण्याचा आदेश तिसाव्या आयतीत आधी ईमानवाल्या पुरुषांना आहे. बायकांना आदेश त्यानंतरच्या आयतीत आहे. आपण बाजारात बसून पहिली आयत गाळतो आणि दुसरी इतरांच्या बायकांना ऐकवतो. हजरत जरीर (रजि.) यांनी अचानक पडलेल्या नजरेबद्दल विचारले तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना नजर फिरवून घेण्यास सांगितले. पहिली नजर माफ आहे, तिच्या मागोमाग मुद्दाम टाकलेली दुसरी माफ नाही, असे हजरत अली (रजि.) यांना समजावल्याचेही हदीसमध्ये येते. म्हणजे डोळे बांधून बसा असे कोणी सांगितलेले नाही. व्यवहारात समोरची व्यक्ती कोण आहे हे ओळखण्यापुरते पाहण्यास फुकहांनी वाव दिला आहे. चेहऱ्याच्या पडद्याबाबत उलेमांत मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. तो आमचा अधिकार नव्हे. आमच्यापुढचा प्रश्न बाईने काय घालावे हा नसून दुकानदाराने कसे वागावे हा आहे.

सूरह कससमधील हजरत मूसा (अलै.) यांचा किस्सा तर आम्हाला दुकानदारासाठीच उतरल्यासारखा वाटतो. थकलेभागलेले मूसा मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचतात. मेंढपाळांची गर्दी आहे आणि दोन मुली आपली जनावरे अडवून बाजूला उभ्या आहेत. मूसा काय करतात? जाऊन विचारतात, काय अडचण आहे? मुली सांगतात, मेंढपाळ गेल्याशिवाय आम्हाला पाणी पाजता येत नाही आणि वडील फार म्हातारे आहेत. प्रश्न एक, उत्तर एक. मूसा पाणी पाजतात आणि परत सावलीत जाऊन बसतात. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, ओळख वाढवली नाही. पुढे त्यातली एक लाजत चालत येऊन वडिलांचा निरोप देते, आणि हीच मुलगी नंतर वडिलांना सल्ला देते की याला कामावर ठेवा, नोकर ठेवायचा तर ताकदीचा आणि अमानतदार असावा. बंधूंनो, बोलणे झाले, काम झाले, नोकरी ठरली, आणि हया कोठेही सुटली नाही. जे म्हणतात की परक्या बाईशी शब्दही बोलू नये, त्यांनी हा किस्सा पुन्हा वाचावा. आणि जे म्हणतात की बोलायला काय हरकत आहे, त्यांनी तो किती थोडक्यात आहे हे पाहावे.

उम्मुल मोमिनीन हजरत खदीजा (रजि.) मक्केच्या मोठ्या व्यापारी होत्या. त्यांचा माल घेऊन प्रेषित (स.) शामला गेले, सोबत त्यांचा गुलाम मैसरा होता. निकाहचा विचार आला तेव्हा तो खदीजा (रजि.) यांनी थेट बोलून नव्हे तर नफीसा नावाच्या मैत्रिणीमार्फत कळविला. मालक बाई आणि कारभार पाहणारा पुरुष यांच्यातही रीत होती, मध्ये माणूस होता, हिशेब स्वच्छ होता. मैसराने परत येऊन जे सांगितले ते नफ्याइतकेच स्वभावाबद्दलही होते.

आता दुकानात येऊ. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी परीक्षा जिभेची आहे. नजरेचे माणसाला कळते तरी, जिभेचे कळत नाही. साडी उलगडून सेल्समन म्हणतो, "ताई, हा रंग तुमच्या गोऱ्या अंगावर काय खुलेल!" त्याला वाटते आपण माल विकतो आहोत. खरे तर तो मालाबद्दल नाही, बाईबद्दल बोलला. आम्ही आमच्या पोरांना एकच गोष्ट शिकवतो. बोलायचे ते कापडाबद्दल. रंग धुण्यात जातो की नाही, काठ विणलेला आहे की वरून छापलेला, सुरतचा माल आहे की मालेगावचा, ब्लाऊज पीस साडीतच आहे की वेगळा घ्यावा लागेल, पाच मीटर आहे की साडेपाच, गढवाल म्हणून दाखवतो आहे ती अस्सल आहे की पॉलिस्टरची नक्कल. ही माहिती नीट दिली तर बाईला दुसरे काही ऐकायची गरजच राहत नाही. ज्या सेल्समनला मालाची माहिती नसते तोच गोड बोलून वेळ मारून नेतो, हा आमचा अनुभव आहे. सूरह अहजाबमध्ये प्रेषितांच्या पत्नींना लाडीगोडीच्या सुरात न बोलण्याची आणि सरळ, रीतीची बात करण्याची ताकीद आहे. ती ताकीद बायकांना आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. समोरच्या बाईने सरळ बोलावे अशी अपेक्षा असेल तर काउंटरच्या अलीकडून मध गाळत बसण्याचा आपल्याला काय हक्क?

घासाघिशीचेही तसेच. कैला नावाच्या एक व्यापारी बाई प्रेषितांकडे (स.) आल्या आणि म्हणाल्या की मी खरेदी करताना आधी फार कमी भाव मागते व हळूहळू चढवते, विकताना उलट करते. त्यांना सांगण्यात आले की असे करू नका, जो भाव मनात आहे तोच सांगा, मिळाला तर मिळाला. ही रिवायत इब्ने माजामध्ये आहे. तिची सनद उलेमा कमजोर मानतात, म्हणून तिच्यावर हुकूम उभा करता येत नाही. पण धंद्याच्या दृष्टीने पाहा. बाराशेची साडी दोन हजार सांगायची, मग अर्धा तास "घ्या हो ताई, तुमच्यासाठी म्हणून", "तुम्ही रुसू नका", "चहा मागवू का" असे चालायचे. ही सगळी फालतू सलगी खोट्या भावातून जन्माला येते. आम्ही दहाएक वर्षांपूर्वी एक दाम केला. पहिल्या हंगामात गिऱ्हाईक तुटले, खोटे कशाला सांगावे. दुसऱ्या हंगामात परत आले. दुकानातली बडबड मात्र निम्म्यावर आली ती कायमची.

स्पर्शाच्या बाबतीत दोन धंदे विशेष अवघड आहेत, बांगडीचा आणि शिलाईचा. आमच्या भागात बांगड्या भरण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या मनियार बांधवांचा. खेडोपाडी त्यांची वाट पाहिली जात असे. लग्नाचा हिरवा चुडा, डोहाळजेवण, पंचमी, सगळ्या वेळी मनियार लागायचा. गावच्या लेकी त्याला मामू म्हणत, भाऊ म्हणत, आणि त्यानेही त्या शब्दाची लाज राखली म्हणून तर घरच्या अंगणात त्याला बसायला जागा होती. हिंदू घरातील सासू आपल्या नव्या सुनेचा हात मुसलमान मनियारच्या हातात निःशंकपणे देत असे, हा विश्वास साधा नव्हता. त्या जुन्या माणसांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तरीही मसला मसल्याच्या जागी आहे. भाऊ म्हटल्याने कोणी महरम होत नाही, आणि परक्या बाईचा हात हातात घेऊन, दाबून, फिरवून बांगडी चढवणे हे शरीअतच्या दृष्टीने जायज ठरत नाही, असेच मुफ्तीसाहेब सांगतात. हजरत आयशा (रजि.) सांगतात की बायकांची बैअत घेतानाही प्रेषितांच्या (स.) हाताने कधी परक्या बाईच्या हाताला स्पर्श केला नाही, बैअत फक्त शब्दांनी होत असे. जेथे नबीने हात लावला नाही तेथे आपण पोटाचे कारण सांगून किती दिवस हात लावणार?

मग मनियारने उपाशी मरावे का? मुळीच नाही. उपाय त्यांच्याच घरात होता. आमच्या ओळखीच्या एका मनियार बांधवाने पंधरा वर्षांपूर्वी दुकानाचे दोन भाग केले. मागे ठोक माल, फिरोजाबादची काच, हैदराबादच्या लाड बाजारातील लाखेचे जोड, त्याचा हिशेब तो पाहतो. पुढे गादीवर त्याची बायको आणि बहीण बसतात, बांगड्या त्या भरतात. धंदा कमी झाला का विचाराल तर वाढला. कारण बाईच्या हातून बांगडी भरून घेताना गिऱ्हाईक बाई निवांत बसते, चार जोड जास्त पाहते, सोबतच्या लेकीचेही घेते. आमच्या दुकानातून निघालेली नवरी तिकडेच जाते. तो बांधव हसून म्हणतो, "हे आधी सुचले असते तर माझे गुडघे तरी वाचले असते."

शिलाईवाल्यांसाठी रस्ता याहून सोपा आहे आणि बरेचजण तो धरतातही. मापाचा ब्लाऊज मागवून घ्यायचा. अंगावर टेप लावायचा नाही. नवीन माप घ्यायचेच असेल तर घरची बाई किंवा कामाला ठेवलेली बाई घेईल, मास्तर फक्त वहीत लिहील. कटिंगला मापाचा ब्लाऊज अंगावरच्या मापापेक्षा जास्त बरोबर बसतो, हे कोणताही जुना मास्तर सांगेल. तरी काही दुकानांत अजून मास्तर गळ्यात टेप अडकवून मिरवतो.

तयार कपड्यांच्या दुकानातील ट्रायल रूम हा नवा मामला आहे. आतून कडी नीट लागते का, वर फट आहे का, दुकानातील कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे आहे, हे मालकाने स्वतः रोज पाहावे, नोकरावर सोडू नये. कपडे बदलणाऱ्या बाईला चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा २०१३ पासून कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात आहे. पण कायदा नसता तरी काय? आपल्या छपराखाली आलेल्या बाईची अब्रू ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

आणखी एक गोष्ट, तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. खलवत म्हणजे बंद खोलीत दोघे एवढेच आपण समजतो. महरम सोबत नसताना कोणा पुरुषाने परक्या बाईबरोबर एकांतात राहू नये, ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. आता विचार करा, उधारी वसूल करायला आपला पोरगा भर दुपारी कोणाच्या घरी जातो. घरधनी शेतावर किंवा हैदराबादला कामाला, घरात एकटी सून. वसुलीचा तगादा, तिची लाचारी, आणि दाराच्या आत टाकलेले एक पाऊल. इथे शैतानाला फार मेहनत पडत नाही. आम्ही नियम केला आहे की वसुलीला जाणारा उंबरठ्याबाहेर उभा राहील, आवाज देईल, आणि घरात पुरुष नसेल तर निरोप ठेवून परत येईल. बाईच्या नावावर उधारी असेल तर मुलांची आई जाते. तिच्यामुळे वसुलीही अधिक होते, कारण ती अडचण ऐकून दोन हप्त्यांचे तीन करून येते, आणि आम्हाला मागाहून कळते! लोक दीर-भावजयीच्या बाबतीत तर फारच बेफिकीर असतात. नवऱ्याच्या भाऊबंदांबद्दल विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना मौतची उपमा दिली होती. एकत्र कुटुंबाच्या दुकानात, जिथे वर घर आणि खाली धंदा असतो, तिथे ही हदीस भिंतीवर लावण्यासारखी आहे.

मोबाईलची खलवत ही तर आता घरोघरी आहे. साड्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवणे आज भाग आहे, त्याशिवाय धंदा चालत नाही. पण बाई गिऱ्हाइकाचा नंबर दुकानाचा आहे, सेल्समनचा नाही. रात्री अकरा वाजता "ताई, जेवण झाले का?" असा संदेश कोणत्या साडीच्या विक्रीत बसतो? आमच्याकडे एकच दुकानाचा मोबाईल आहे, तो रात्री दुकानातच राहतो, आणि त्यावरील बोलणे घरातील कोणीही कधीही वाचू शकते. एका पोराने यावर नाराज होऊन काम सोडले. सोडले ते बरे झाले.

आजच्या दिवसांत अशा एखाद्या पोराच्या थट्टेची किंमत सगळ्या बाजाराला मोजावी लागू शकते, हे वेगळे सांगायला नको. पण आम्ही पोरांना ती भीती दाखवत नाही. लोकांच्या भीतीने सरळ राहणारा माणूस परगावी गेला की वाकडा होतो.

आता जे लिहायचे आहे ते आमच्यावरच आहे, आणि ते टाळून हा लेख पुरा करणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी आमच्या दुकानात फॉल-पिकोचे काम एक विधवा बाई करीत असे. आपल्याच समाजातील, तिशी-पस्तिशीची, पदरात एक मुलगा. मशीन दुकानाच्या मागच्या बाजूला होते, उजेडासाठी एक बल्ब, दारावर पडदा. तिने कधी मान वर करून पाहिले नाही, कधी एक रुपया उचल मागितली नाही. एके दिवशी चहाच्या टपरीवर कोणीतरी काहीतरी बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्याजोगे नाही, आमच्या मुनीमाचे नाव घेऊन बोलले. आमच्या कानावर आले. आम्ही घाबरलो. दुकानाचे नाव, घरात लग्नाची मुलगी, चार लोकांत उठबस. आम्ही त्या बाईला बोलावून सांगितले, उद्यापासून येऊ नका, काम घरी पाठवू. वर असेही सांगितले की शरीअतमध्ये बाईने घरात बसून काम करणे अधिक चांगले. मुनीम मात्र कामावर राहिला.

काम पहिले दोन महिने घरी गेले. मग पोरांना तिकडे जायचा कंटाळा येऊ लागला, दुसरा पिकोवाला दुकानाशेजारीच मिळाला. आम्ही चौकशी केली नाही. पुढे वर्षभराने मुलांच्या आईकडून कळले की तिचा मुलगा सातवीतून शाळा सोडून हैदराबादला एका बेकरीत कामाला गेला.

ते ऐकल्यावर काही दिवस झोप लागली नाही. आम्ही एका आलिम साहेबांकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी आम्हाला हजरत सफीया (रजि.) यांची हदीस आठवण करून दिली. प्रेषित (स.) एतिकाफमध्ये होते, सफीया (रजि.) भेटायला आल्या होत्या. रात्री त्यांना पोहोचवायला निघाले असता दोन अन्सारी जवळून घाईघाईने गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवून सांगितले की ही सफीया आहे. ते चकित झाले, आपल्याबद्दल आम्ही शंका घेऊ का? तेव्हा प्रेषित (स.) म्हणाले की शैतान माणसात रक्तासारखा फिरतो. आलिम साहेबांनी विचारले, "शंकेची जागा होती तेव्हा नबीने काय केले? गोष्ट उजेडात आणली. तुम्ही काय केले? बाईला अंधारात ढकलले." मशीन पुढे उजेडात आणून ठेवता आले असते, दुसऱ्या एका बाईला सोबत काम देता आले असते. आणि टपरीवर जो बोलला त्याला विचारता आले असते की चार साक्षीदार कोठे आहेत? सूरह नूरमध्ये पाकदामन बाईवर साक्षीशिवाय आळ घेणाऱ्यासाठी ऐंशी फटके आणि पुढे कधीही त्याची साक्ष न मानणे, अशी शिक्षा आली आहे. गुन्हा त्याचा होता. रोजी मात्र आम्ही बाईची तोडली, आणि त्याला शरीअतचे नाव दिले.

याच देगलूरमध्ये आमची दादी आम्हाला १९४८ नंतरच्या दिवसांच्या गोष्टी सांगत असे. पोलीस अॅक्शननंतर पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने सरकारला जो अहवाल दिला त्यात सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचे नाव आहे. ज्या घरांतले कर्ते पुरुष गेले त्या घरांतल्या पर्देवाल्या बायका गठडे डोक्यावर घेऊन दारोदार कापड विकत, कोणी शिलाई करी, कोणी बांगड्या भरी. दादी म्हणे, त्यांच्याकडून माल घेताना पुरुष मंडळी ओसरीवरून उठून जात, म्हणजे बाईला मोकळेपणाने बसता यावे. उठून जायचे ते पुरुषाने. हे वाक्य आम्ही लहानपणी पन्नास वेळा ऐकले होते आणि वेळ आली तेव्हा उठवले बाईला.

आम्ही आणि मुलांची आई त्यांच्या घरी गेलो. आम्ही बाहेर ओट्यावर उभे राहिलो, मुलांची आई आत गेली. आम्ही बाहेरूनच माफी मागितली. आतून उत्तर आले, "काम देना है तो देओ सेठ, माफी अल्लाह कने मांगो." त्यानंतर आजवर काम जाते, त्याच दिवशी पैसे जातात. त्या दुकानात परत आल्या नाहीत. मुलगाही शाळेत परत गेला नाही.

ज्यांच्या दुकानात बायका कामाला आहेत त्यांच्यासाठी कायद्याचे दोन शब्द. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात नियम घालून दिले आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, तिची अध्यक्ष बाईच असते. न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्यासारख्या लहान दुकानांत दहापेक्षा कमी माणसे असतात, तेथील बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, तीन महिन्यांच्या आत. हे कागद आपल्या दुकानातील बाईला माहीत असावेत आणि ते तिला मालकाने स्वतः सांगावेत. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील नोकरांना बसण्याची सोय देण्याचा कायदा केला. कापड दुकानांत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायकांनी आवाज उठवला म्हणून तो झाला. आपल्याकडे स्टुलाला कायदा कशाला हवा? शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट आहे.

त्या तरुणाला आम्ही नंतर दुकानावर बोलावून घेतले आणि यातले बरेचसे सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि उलट आम्हालाच विचारले, "चाचा, तुमची सून तर बी.कॉम. झालेली आहे म्हणे. ती का नाही बसत गादीवर?"

खरे सांगायचे तर सुनेने हे दोन वर्षांपूर्वीच विचारले होते आणि आम्ही "पाहू" म्हणून टाळले होते. शाबानपासून ती बसते आहे. बायकांचा माल डाव्या बाजूला घेतला, तिथे गादीवर ती आणि कामाला ठेवलेल्या दोन बाया. आठवडी बाजाराच्या दिवशी जुक्कलकडच्या बायका तिच्यापुढे तासभर बसून परकराच्या कापडाची चर्चा करत होत्या, आम्ही उजवीकडे टॉवेल-टोपीच्या गठ्ठ्यांमागे. रात्री मुनीम हिशेब मांडतो तेव्हा शटर अर्धे वर ठेवलेले असते आणि आमचा मुलगा तिथे बसलेला असतो. मुलाला रोज जेवायला उशीर होतो, त्याची कुरकुर चालू आहे.